प्रथमदर्शन आणि अंगवळण

मोटारविक्रीच्या दालनात आज पाऊल ठेवले, तर विक्रेता गाडीचे बॉनेट उघडून इंजिन दाखवील ही अपेक्षा बहुधा फोल ठरते. तो आपल्याला अगत्याने चालकाच्या आसनावर बसवतो, दार हलकेच लावून घेतो, आणि समोरचा पडदा उजळतो. मग पुढची दहा मिनिटे पडद्याची. बोट लावले की नकाशा उलगडतो, गाणे सुरू होते, गाडीतील हवा थंड होते. गाडी मात्र जागची हललेली नसते. आपण भारावून खाली उतरतो आणि घरी येऊन सांगतो की गाडी आवडली. वस्तुतः आपण पाहिलेली असते ती एका जागी उभी असलेली, न चाललेली गाडी.

आमच्या मते मोटारीतील टचस्क्रीनचा सगळा इतिहास या एका प्रसंगात साठवलेला आहे. मराठीत दोन शब्द आहेत. एक 'प्रथमदर्शन' आणि दुसरा 'अंगवळण'. पहिला डोळ्यांचा शब्द आहे, दुसरा शरीराचा. पहिल्याला एक क्षण पुरतो, दुसऱ्याला महिने लागतात. टचस्क्रीन ही प्रथमदर्शनात जिंकणारी वस्तू आहे. आणि मोटार चालवणे ही गोष्ट सर्वस्वी अंगवळणाची आहे. या दोहोंतील विसंगती १९८६ मध्येच स्पष्टपणे दिसून आली होती. ती पुन्हा मान्य करायला जगाला सुमारे चाळीस वर्षे का लागली, हा या लेखाचा प्रश्न आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी या यंत्राकडे का पाहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की हा प्रश्न मुळात वाचनाचा आहे.

ज्या फळीवर हा पडदा बसवला जातो तिला आपण 'डॅशबोर्ड' म्हणतो. हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. घोडागाडी धावू लागली की घोड्याच्या टापांनी चिखल उडे. तो बसणाऱ्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे जी फळी लावत ती ही. मोटार आली, घोडा गेला, फळी राहिली. तिच्यामागे इंजिन आले, मग तिच्यावर एकेक तबकडी आणि एकेक खटका येऊ लागला. चिखल अडवणारी फळी हळूहळू माहिती देणारी फळी झाली. परंतु तिच्याशी माणसाचा संबंध पुष्कळ काळ हाताचा राहिला. वेगाच्या तबकडीकडे डोळे क्षणभर जात, पण दिवे, वायपर, हॉर्न, हवेचा झोत यांसाठी डोळ्यांची गरज नव्हती. प्रत्येक खटक्याची जागा, आकार आणि ताण वेगळा होता. चार-सहा महिन्यांत तो हाताला पाठ होई.

या फळीवर नवी वस्तू आली की भीतीही येई, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. १९३० च्या सुमारास अमेरिकेत मोटारीतील रेडिओ बाजारात आला, तेव्हा त्याने चालकाचे लक्ष विचलित होईल म्हणून मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात त्यावर बंदी घालण्याचे प्रस्ताव मांडले गेले. ते टिकले नाहीत. रेडिओ राहिला आणि माणसे त्याला सरावली. म्हणून आज टचस्क्रीनविषयी कोणी शंका काढली की रेडिओचा दाखला तोंडावर फेकला जातो: तेव्हाही असेच ओरडला होतात! हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ते आम्ही योग्य ठिकाणी देऊ.

टचस्क्रीनचा जन्म मोटारीत झाला नाही. इंग्लंडमधील मॉल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंट या संस्थेतील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये स्पर्श ओळखणाऱ्या पडद्याची कल्पना प्रसिद्ध केली. तिच्यामागे हवाई वाहतूक नियंत्रणाची गरज होती. पुढे १९७० च्या दशकात जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत फ्रँक बेक आणि बेंट स्टम्प यांनी एका महाकाय कणत्वरकाच्या नियंत्रणकक्षासाठी असे पडदे तयार केले. असंख्य बटणांची भिंत उभारण्याऐवजी एकाच पडद्यावर हवी ती बटणे हवी तेव्हा उमटवावीत, ही ती कल्पना. कल्पना उत्तम होती. पण ज्यांच्यासाठी ती केली, ती माणसे कोण होती हे पाहावे. ती खुर्चीवर स्थिर बसलेली होती आणि पडद्याकडे पाहणे हेच त्यांचे काम होते. पडद्यावरून नजर हटली तर चूक घडावी, अशी त्यांची स्थिती. मोटारचालकाची स्थिती नेमकी उलट: पडद्यावर नजर गेली की चूक घडते. वस्तू एका घरातून उचलून दुसऱ्या घरात नेली, तेव्हा हा फरक कोणी नीट विचारात घेतलेला दिसत नाही.

मोटारीत पडदा प्रथम आला तो वाट दाखवण्याच्या निमित्ताने. जपानमध्ये होंडा कंपनीने १९८१ मध्ये 'इलेक्ट्रो जायरोकेटर' नावाचे उपकरण आणले. त्यात पारदर्शक पट्टीवर छापलेले नकाशे पडद्यापुढे सरकवावे लागत. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील एका नव्या कंपनीने 'इटॅक नॅव्हिगेटर' विक्रीस आणला. त्यावेळी सर्वसामान्यांसाठी उपग्रहाची सोय नव्हती. चाकांच्या फेऱ्या आणि होकायंत्र यांवरून गाडी कोठे असेल याचा अंदाज बांधायचा आणि तो नकाशाशी ताडून पाहायचा, अशी त्याची रीत. नकाशे कॅसेटींवर साठवलेले असत. पडद्याच्या कडेला बटणे होती. स्पर्शाचा प्रकार त्यात नव्हता.

आम्हांला या उपकरणापेक्षा त्याचे नाव अधिक बोलके वाटते. 'इटॅक' हा पॅसिफिक महासागरातील बेटांवरच्या नावाड्यांच्या विद्येतील शब्द आहे. त्यांच्या पद्धतीत होडी स्थिर मानली जाते आणि बेटे तिच्या बाजूने मागे सरकत जातात, अशी कल्पना करून प्रवासाचा हिशेब ठेवला जातो. कंपनीचे एक संस्थापक स्टॅन हनी हे स्वतः दर्यावर्दी. त्यांनी ते नाव उचलले, कारण त्यांच्या पडद्यावरही गाडीची खूण जागच्या जागी राही आणि नकाशा तिच्याभोवती फिरे. आजच्या प्रत्येक गाडीतील नकाशा असाच फिरतो. फरक एवढाच की त्या नावाड्याजवळ पडदा नव्हता. स्थिर होडी आणि सरकती बेटे ही त्याने मनात उभी केलेली प्रतिमा होती. डोळे मात्र लाटांवर आणि ताऱ्यांवर खिळलेले होते. आम्ही ती प्रतिमा मनातून काढून काचेवर ठेवली, आणि मग तिच्याकडे पाहण्यासाठी डोळे रस्त्यावरून काढावे लागले.

आता १९८६ कडे वळू. त्या वर्षी अमेरिकेतील ब्यूक कंपनीने आपल्या 'रिव्हिएरा' या महागड्या गाडीत डॅशबोर्डच्या मध्यभागी एक लहान चित्रनलिकेचा पडदा बसवला. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरे, आणि बोटाचा स्पर्श ओळखणारी काच. नाव दिले 'ग्राफिक कंट्रोल सेंटर'. कारखान्यात तयार होऊन सर्वसामान्य ग्राहकाला विकल्या गेलेल्या मोटारीतील हा पहिला टचस्क्रीन मानला जातो. रेडिओ, गाडीतील तापमान, प्रवासाचा हिशेब, यंत्राची स्थिती सांगणारे मापक आणि बिघाडाचे निदान हे सगळे त्या एका चौकोनात आणले होते. एका वेळी एकच विभाग दिसे. दुसरा हवा असल्यास पान उलटल्यासारखे त्याच्याकडे जावे लागे.

तो पडदा पाहणाऱ्या माणसाचे पहिले मत काय झाले असेल, हे आज समजून घेणे कठीण नाही. घरोघरी संगणक अजून पोहोचले नव्हते. ज्याने असा हिरवा चौकोन फक्त बँकेत किंवा चित्रपटात पाहिला होता, त्याच्या गाडीत तो आता त्याच्या बोटाला उत्तर देत होता. हे विस्मयकारकच होते. परंतु गाडी रस्त्यावर आली आणि दुसरे मत तयार होऊ लागले. पूर्वी जे काम चाचपून होई, त्यासाठी आता पाहावे लागे. आधी योग्य पान उघडायचे, मग त्यावरील योग्य चौकोन शोधायचा, मग बोट नेमके त्यावर टेकवायचे. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत असल्याने बोट कोठे टेकले हे बोटाला कळत नसे. ते डोळ्यांनीच सांगावे लागे. साध्या कामासाठी रस्त्यावरून नजर काढावी लागते, ही तक्रार तेव्हाच झाली. अगदी याच शब्दांत ती आजही होते.

त्या गाडीचा खप १९८५ मधील सुमारे ६५ हजारांवरून १९८६ मध्ये सुमारे २२ हजारांवर आला. याचे सगळे खापर पडद्यावर फोडणे अन्यायाचे होईल. त्याच वर्षी गाडीचा आकार पुष्कळ लहान केला होता आणि जुन्या ग्राहकांना तिचे नवे रूप रुचले नव्हते. पण १९९० च्या आवृत्तीत कंपनीने डॅशबोर्ड नव्याने घडवला तेव्हा टचस्क्रीन काढून टाकला आणि बटणे परत आणली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. 'रिआटा' या त्यांच्या दुसऱ्या गाडीतूनही तो त्याच वर्षी गेला. प्रयोग झाला, अनुभव आला, निष्कर्ष निघाला. इतिहास येथे संपायला हरकत नव्हती.

तो संपला नाही, कारण मोटारीत भरायच्या गोष्टी वाढतच गेल्या. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या सेव्हन सिरीज गाडीत 'आयड्राइव्ह' आणले. त्यात पडदा होता पण स्पर्श नव्हता. आसनाशेजारच्या एका गोल नॉबने पडद्यावरील यादीतून वाट काढायची होती. बटणे कमी करण्याचा हेतू तोच, आणि टीकाही जवळजवळ तीच: साधी गोष्ट यादीच्या पोटात, त्या यादीच्या पोटातील यादीत दडलेली. मात्र त्या नॉबला जागा होती, आकार होता. पुढच्या आवृत्त्यांत त्याच्याभोवती काही बटणे आली आणि हळूहळू माणसे त्याला सरावली. अंगवळणी पडायला हाताला काहीतरी धरावे लागते, हे यावरून दिसते.

२०१० मध्ये फोर्ड कंपनीने 'मायफोर्ड टच' आणले. पुढच्या वर्षी, म्हणजे २०११ मध्ये, जे. डी. पॉवर या संस्थेच्या 'प्रारंभिक गुणवत्ता' पाहणीत फोर्डचा क्रमांक पाचव्यावरून तेविसाव्यावर घसरला आणि त्यात या नव्या यंत्रणेविषयीच्या तक्रारींचा मोठा वाटा होता. ही पाहणी गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या ९० दिवसांतील अडचणी मोजते. म्हणजे तीही एका अर्थी प्रथमदर्शनाचीच पाहणी; पण दालनातील दहा मिनिटांचे दर्शन आणि रस्त्यावरील ९० दिवसांचे दर्शन यांत केवढे अंतर असते, हे तिने आकड्यांत दाखवले. कंपनीने नंतर आवाज आणि रेडिओसाठी नॉब परत आणले. ब्यूकच्या धड्याची ही दुसरी उजळणी होती.

तरीही पुढच्याच वर्षी वारे फिरले. जून २०१२ मध्ये टेस्लाची 'मॉडेल एस' ग्राहकांच्या हाती पडू लागली. तिच्या मध्यभागी १७ इंचांचा उभा पडदा होता आणि डॅशबोर्डवर बटणे उरली होती ती दोनच: एक धोक्याच्या दिव्यांचे, दुसरे समोरचा कप्पा उघडण्याचे. १९८६ मध्ये जी गोष्ट बुजवणारी वाटली तीच आता मोहक वाटली. असे का झाले? आमच्या मते मधल्या काळात गाडी बदलली त्याहून अधिक बोट बदलले. २००७ मध्ये आयफोन आला आणि पाच वर्षांत काचेवर बोट फिरवणे ही कोट्यवधींची सवय झाली. दालनात बसलेल्या माणसाला आता पडदा परका वाटत नव्हता. उलट बटणे जुनाट वाटू लागली. ही सवय त्याने खुर्चीत, पलंगावर, रांगेत उभे राहून लावून घेतली होती, आणि गाडीत ती तशीच चालेल असे त्याने गृहीत धरले. फोनचे अंगवळण गाडीच्या प्रथमदर्शनाला उपयोगी पडले. गाडी चालवण्याला ते पुरेसे नव्हते.

निर्मात्यांच्या बाजूनेही कारणे होती आणि ती निव्वळ हौसेची नव्हती. प्रत्येक बटणासाठी साचा लागतो, तार लागते, जोडणीचे श्रम लागतात. ते एकदा बसवले की बदलता येत नाही. पडद्यावरचे बटण म्हणजे केवळ चित्र. ते पुसता येते, हलवता येते, गाडी विकल्यानंतरही बदलता येते. शिवाय अमेरिकेत मे २०१८ पासून प्रत्येक नव्या लहान वाहनात मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा सक्तीचा झाला. गाडी मागे घेताना लहान मुले चिरडली जाण्याच्या घटनांमुळे हा नियम आला. त्याच्या योग्यतेविषयी दुमत नसावे. पण कॅमेरा आला म्हणजे पडदा आलाच, आणि पडदा आलाच आहे तर बाकीचे सगळे त्यावरच का नको, हा हिशेब ओघाने आला. जीव वाचवणाऱ्या एका नियमाने असा एका वेगळ्या धोक्यालाही मार्ग करून दिला.

या धोक्याचे मोजमाप झालेले आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत म्हटले की कोणत्याही कामासाठी चालकाची नजर एका वेळी दोन सेकंदांहून अधिक काळ रस्त्यावरून हटू नये आणि त्या कामाचा एकूण वेळ बारा सेकंदांपलीकडे जाऊ नये. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते. म्हणजे नियम पाळूनही तेवढे अंतर आपण आंधळेपणाने कापतो. २०२२ मध्ये 'वी बिलेगारे' या स्वीडिश नियतकालिकाने अकरा आधुनिक गाड्या आणि २००५ सालची एक जुनी व्होल्व्हो अशी तुलना केली. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना रेडिओ लावणे, आसन गरम करणे, तापमान वाढवणे अशी साधी कामे द्यायची आणि वेळ मोजायचा. बटणे असलेल्या जुन्या गाडीत ती सगळी कामे १० सेकंदांत, म्हणजे ३०६ मीटर जाईपर्यंत उरकली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या गाडीत त्यांना सुमारे ४५ सेकंद लागले. तेवढ्यात गाडी सव्वा किलोमीटरहून पुढे गेली होती. आमच्या दृष्टीने या चाचणीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. चाचणीपूर्वी चालकांना प्रत्येक गाडीची यंत्रणा समजून घ्यायला वेळ दिला होता. म्हणजे हा नवखेपणाचा दोष नव्हता.

आता रेडिओच्या आक्षेपाचे उत्तर देता येईल. रेडिओची भीती निवळली, कारण रेडिओने कान मागितला, डोळे मागितले नाहीत, आणि त्याचा नॉब हाताला पाठ होऊ शकत होता. ज्या वस्तूची सवय होऊ शकते तिच्याविषयीची भीती काळ घालवतो. सपाट काचेची सवय एका मर्यादेपलीकडे होऊ शकत नाही, कारण बोटाला तेथे ओळखीची खूण सापडत नाही. आणि सवय झालीच, तरी यंत्रणेची नवी आवृत्ती आली की चौकोनांची जागा बदलते. जे पाठ केले ते एका रात्रीत बाद होते.

येथे आम्ही सुरुवातीला म्हटलेल्या वाचनाकडे येतो. पाठांतर आणि वाचन या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. ज्याला अभंग पाठ आहे तो जाते ओढताना, वाट चालताना तो म्हणू शकतो. त्याचे डोळे आणि हात मोकळे असतात. जो वाचतो त्याला पोथी समोर धरावी लागते. खटक्यांची गाडी पाठ करता येत होती. पडद्याची गाडी दर वेळी वाचावी लागते: अनुक्रमणिका पाहायची, प्रकरण काढायचे, ओळ शोधायची. वाचन ही श्रेष्ठ क्रिया आहे यात शंका नाही, पण ती सगळे लक्ष मागते, आणि ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना ते देता येत नाही.

आमच्याकडे या गोष्टीला आणखी एक पदर आहे. मुंबईच्या रस्त्यांवर जी काळी-पिवळी पद्मिनी वर्षानुवर्षे धावली, ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. तिची टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. स्टिअरिंगच्या दांड्यालगतचा गिअर आणि गाडीबाहेर लावलेले मीटर या दोन्हींशी चालकाचा हात न पाहता बोले. त्या गाडीत बसलेल्या चालकाला कोणती लिपी येते, येते की नाही, हे त्या खटक्यांनी कधी विचारले नाही. परप्रांतातून आलेला, दोन इयत्ता शिकलेला माणूस आणि पदवीधर माणूस त्या डॅशबोर्डपुढे समान होते.

२०१९ या वर्षी आपल्या देशात दोन गोष्टी घडल्या. केंद्र सरकारने व्यावसायिक वाहनचालकासाठी असलेली आठवी उत्तीर्ण असण्याची अट रद्द केली. कमी शिकलेल्या पण गाडी उत्तम चालवणाऱ्या माणसांना रोजगार मिळावा हा त्यामागचा विचार. आणि त्याच वर्षी १० इंचांहून मोठा उभा पडदा असलेली 'हेक्टर' ही गाडी बाजारात आली, जिच्या अंगावर ती इंटरनेटयुक्त असल्याचे इंग्रजीत लिहिलेले होते. पुढे पाचच वर्षांत पडद्यांची संख्याही वाढली. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणारी आणि २०२४ मध्ये सादर झालेली महिंद्राची 'एक्सईव्ही ९ई' ही गाडी प्रत्येकी १२.३ इंचांचे तीन पडदे घेऊन आली. एका हाताने कायदा वाचनाची अट काढत होता आणि दुसऱ्या हाताने बाजार ती परत घालत होता. हे पडदे आज खासगी गाड्यांत आहेत, पण आजची खासगी गाडी ही उद्याची टॅक्सी असते. आम्ही अलीकडे ज्या गाडीत बसलो, तिच्या यादीतील शब्द इंग्रजीत होते. आमच्यासारख्या वाचनावर पोट भरणाऱ्या मंडळींनाही काचेवरचे धुके घालवण्याची खूण शोधायला गाडी बाजूला थांबवावी लागली. पाऊस चालू होता. मागचे वाहन हॉर्न देत होते.

आणखी एक लहानशी गोष्ट. आपण रस्त्याच्या डावीकडून गाडी चालवतो, म्हणून चालक उजवीकडे बसतो आणि पडदा त्याच्या डाव्या हाताला येतो. बहुसंख्य माणसे उजवखोरी. सोप्या कामाला आपण 'डाव्या हाताचा मळ' म्हणतो. पण खड्ड्यात गाडी आपटत असताना नखाएवढ्या चौकोनावर डाव्या हाताचे बोट नेमके टेकवून पाहावे, म्हणजे त्या वाक्प्रचाराची मर्यादा कळेल.

स्पर्शपडद्याची बाधा केवळ मोटारीला झाली असे नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची 'जॉन एस. मॅक्केन' ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक मृत्युमुखी पडले. तिच्या सुकाणूचे आणि वेगाचे नियंत्रण टचस्क्रीनवर होते. कोणते नियंत्रण कोणाच्या हाती आहे याचा नाविकांना त्या मिनिटांत उलगडा झाला नाही. चौकशीत अपुऱ्या प्रशिक्षणाबरोबरच या यंत्रणेच्या रचनेवरही बोट ठेवले गेले. २०१९ मध्ये नौदलाने आपल्या विनाशिकांवर वेगनियंत्रणाचे हातात धरायचे दांडे परत बसवण्याचे ठरवले.

मोटारीच्या बाबतीतही परतीची वाट सुरू झाली आहे. गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या 'युरो एनकॅप' या संस्थेने २०२६ पासून नवे निकष लावले. वळणाचे दिवे, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीची हाक या पाच गोष्टींसाठी हाताला जाणवणारी स्वतंत्र बटणे वा दांडे नसतील, तर सर्वोच्च गुणांकन मिळवणे अवघड व्हावे असा त्यांचा रोख आहे. हा कायदा नव्हे, पण ताऱ्यांवर गाड्या विकल्या जातात, त्यामुळे त्याचे वजन कायद्याहून फारसे कमी नाही. यादीतील पाचही गोष्टी पाहाव्यात. संकटाच्या क्षणी ज्या लागतात त्या या. त्या क्षणी कोणी वाचत बसत नाही. हात जे जाणतो तेवढेच कामी येते.

आम्ही पडद्याचे शत्रू नाही. अनोळखी शहरात नकाशाने आम्हांलाही घरी आणून सोडले आहे, आणि मागच्या कॅमेऱ्याने कोणाचे तरी मूल वाचवले असेल. आमचे म्हणणे एवढेच की वस्तूचे परीक्षण तिच्या उपयोगाच्या जागी व्हावे. मुखपृष्ठ पाहून पुस्तकावर लिहू नये, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. मोटार घेताना मात्र आपण तेच करतो, आणि उत्पादकही आपल्या त्या दहा मिनिटांसाठीच गाडी घडवू लागतात. ब्यूकचा हिरवा पडदा बाजारातून हटला, कारण त्याकाळी दुसऱ्या मताला पहिल्या मतावर मात करता आली. पुढच्या काळात पहिले मत इतके बलवान झाले की दुसरे मत ऐकू यायला चाचण्या, चौकश्या आणि नियम लागले.

तेव्हा पुढच्या वेळी विक्रेत्याने पडदा उजळला, तर त्याला एक विनंती करून पाहावी. डोळे मिटून घ्यावेत आणि वायपर कोठे आहे, काचेवरचे धुके कसे जाते, हे हाताने शोधू द्यावे असे सांगावे. हात जेथे जेथे अडखळेल तेथे ही गाडी आपल्याला रस्त्यावर वाचायला लावणार आहे, असे समजावे.